टोप्याचा नमुना

९ नोव्हेंबर, रविवार

डॉक्टर स्वप्नालीने सांगितलंय, टोप्या काय खातो, पाणी किती पितो, ओकतो का, सगळं रोज लिहून ठेवा. म्हणून ही डायरी काढली. पत्रेवाल्या व्यापाऱ्याने गेल्या दिवाळीत दिलेली, आजवर कोरीच होती. नववीत शाळा सुटल्यापासून मी चलन आणि बिलं सोडून काही लिहिलेलं नाही. बघू हात किती चालतो.

टोप्या म्हणजे आमचा कुत्रा. भाईंदर पूर्वेला आमचा स्टीलच्या भांड्यांचा गाळा आहे. नऊ वर्षांपूर्वी तिथे पॉलिशला आलेल्या एका मोठ्या टोपात हे पिल्लू झोपलेलं सापडलं. घरी आणलं तेव्हा शालू म्हणाली होती, "आठ दिवस ठेवा, मग जाऊ दे गाळ्यावर." आता तो तिच्या गादीला लागून झोपतो आणि गाळ्यावर मी जातो. तरी तिला कुत्र्याचं फारसं नाही. कधी जवळ घेणार नाही, नावाने हाक मारणार नाही. "ए, सरक" एवढंच. मूलबाळ आम्हाला नाही. तो विषय आम्ही दोघांनी केव्हाच मिटवलाय.

गेल्या आठवड्यात त्याचा पट्टा घट्ट व्हायला लागला. मला वाटलं, जेसल पार्कातल्या नव्या फ्लॅटात येऊन सुखावला, सुटलाय. पण जबड्याखाली दोन्ही बाजूंना गाठी आहेत. डॉक्टरने चाचपून खांद्यापुढच्या आणि मागच्या पायांमागच्याही दाखवल्या. गाठीत सुई घालून तपासायला घेतलंय.

खाल्लं : अर्धा भात. पाणी : नेहमीएवढं. ओकला नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

रिपोर्ट आला. लिम्फोमा. कॅन्सरच तो.

डॉक्टरने सांगायच्या आधी मला कळलं होतं. पडद्याच्या पलीकडे ती दुसऱ्या डॉक्टरशी इंग्रजीत बोलत होती. मला इंग्रजी जेमतेम येतं, पण आवाज बसला की अर्थ लागतो. भांड्याला चीर असली की बोटाने वाजवल्यावर तेही असंच मध्येच बसतं. माझे कान या धंद्यात तयार झालेत. पातेलं वाजवून पत्रा किती जाडीचा ते सांगतो. घरातसुद्धा माझ्या कानावर न पडता काही होत नाही.

"काका, औषधाने काही महिने मिळतील. एखाद्याला वर्षही मिळतं. बरा होईल असं मी म्हणणार नाही," ती म्हणाली. पोरगी सरळ आहे.

मग तिने एक गोष्ट विचारली. त्यांच्या कॉलेजात अशा कुत्र्यांच्या रक्ताचा अभ्यास चाललाय. रक्तातल्या पेशींवर पीडी-वन आणि तसल्याच काही खुणा असतात, त्या मोजतात. मी म्हटलं, भांडीवाल्याला समजेल असं सांगा.

"रक्तात शिपाई असतात. ते आपल्याच शरीरावर उलटू नयेत म्हणून त्यांना ब्रेक असतो. पीडी-वन म्हणजे तो ब्रेक. या आजाराच्या पेशी कधीकधी तो दाबून धरतात. शिपाई समोर उभे असतात, पण काही करत नाहीत."

"म्हणजे माझ्या पत्रा दाबायच्या प्रेसच्या सेन्सरसारखं," मी म्हटलं. "कामगाराचा हात आत असला की प्रेस खाली येत नाही. त्याचे हात वाचावेत म्हणून केलेलं. पण कुणी मुद्दाम हात आतच ठेवला, तर मशीन दिवसभर नुसतं उभं."

तिने ते कागदावर टिपून घेतलं. "हे मी विद्यार्थ्यांना सांगणार."

"मग तो हात बाहेर काढायचं औषध?"

"माणसांसाठी आहे. कुत्र्यांसाठी आपल्याकडे अजून नाही. आधी कुणात हा ब्रेक किती आहे ते मोजायला हवं. टोप्याला यातून फायदा होईल असं धरू नका, काका. झालाच तर पुढच्या कुत्र्यांना."

अट एकच. रक्त कुठलंही औषध पोटात जायच्या आधीचं हवं. स्टेरॉइड तर अजिबात नको, त्याने सगळे आकडे फिरतात. पेशी मोजायचं मशीन २० तारखेला मिळणार. तोवर तब्येत उतरली तर अभ्यास राहू दे, लगेच आणा, असंही तिने बजावलं. मी हो म्हटलं. आपण घडवलेलं भांडं पुढे कुणाच्या चुलीवर चढतं हे आपल्याला कुठे कळतं, पण घडवतो ना.

शालूला घरी येऊन सांगितलं. तिने कणीक मळता मळता ऐकलं. "पुढच्या कुत्र्यांचं पुढचे बघतील. याला आज भूक नाही त्याचं काय?"

"पुढच्या गुरुवारपर्यंत, वीस तारखेपर्यंत, कसलं औषध नको. स्टेरॉइड तर नकोच."

"स्टेरॉइड म्हणजे काय?"

"अगं, ती जिममधली पोरं घेतात ना, दंड फुगवायला. ते."

"ते मी कुठून आणू," म्हणाली आणि कणीक मळायला लागली.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

चिकनचं पाणी हुंगून सोडलं. पाय ओढत चालतो. लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरचे जितेंद्रभाई पिशवी पोटाशी धरून कोपऱ्यात सरकले. "बबनभाई, ये बीमारी किसी को लगती तो नहीं ना?"

"ये नहीं लगती, जितेंद्रभाई. सोसायटी की मीटिंग लगती है, उससे बचके रहो."

हसले. मग उतरताना टोप्याच्या डोक्यावर दोन बोटं टेकवून गेले.

दुपारी शालू त्याच्यासमोर जमिनीवर बसली होती. तिचे गुडघे सांधेवाताने धरलेले, खाली बसली की उठायला खुर्ची लागते. मी म्हटलं, कशाला बसलीस? म्हणाली, "शेव पडली होती, उचलत होते." शेव काही दिसली नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

चांगला दिवस. चांगला म्हणजे फारच. सकाळी पेपर वाचत होतो. स्वयंपाकघरात शालूच्या गोळीच्या स्ट्रिपचा नेहमीचा आवाज झाला, चट. लगेच टोप्याची नखं फरशीवर टकटक करत गेली आणि मग त्याचं मचमच. घावनाचा तुकडा टाकला असणार तिने. दोघांचं पथ्य एकाच वेळेला उरकतं. मग त्याने भातही खाल्ला, वर अंडं. गाठी हाताला मऊ लागतात, लहानही झाल्यात बहुतेक. इतका आनंद झाला की गाळ्यावर फोन करून बाबाजीला सांगितलं. बाबाजी म्हणजे माझा फोरमन, पिल्लू गाळ्यात सापडलं तेव्हा पहिलं वाटीभर दूध त्याने पाजलेलं.

"शेठ, ते जातीचं कोकणी कुत्रं," म्हणाला. "हट्टी."

"भाईंदरात जन्मलेलं कोकणी?"

"तुम्ही कोकणात जन्मलात आणि आता स्वतःला भाईंदरकर म्हणवता ना? तसंच उलटं."

१८ नोव्हेंबर, मंगळवार

टोप्या मजेत. सकाळी स्ट्रिप वाजली की हा आधीच दारात उभा. शालूचे गुडघे मात्र सुजलेत. देवासमोरून उठताना भिंतीचा आधार घेतला. थंडी पडायला लागली की तिचं हे असंच.

२० नोव्हेंबर, गुरुवार

रक्त दिलं. डॉक्टरने गाठी चाचपल्या आणि भुवया वर केल्या. "काका, याला काही दिलंत का? काढा, गोळी, स्टेरॉइड?"

"काही नाही. घरात काय होतं ते मला दुसऱ्या खोलीतून ऐकू येतं."

अभ्यासाच्या कागदावर सही केली. सलाईनमधून पहिलं औषध गेलं. टोप्या शहाण्यासारखा पडून होता. घरी द्यायच्या गोळ्या (रक्त घेऊन झालं, म्हणून त्यात आता स्टेरॉइडही) दवाखान्याने कागदाच्या पुडीत बांधून दिल्या, त्या मीच देतो, मोजून.

शालू आली नव्हती. सोसायटीच्या गेटवर उभी होती. म्हणाली, "भाजीवाल्याची वाट बघत होते."

२ डिसेंबर, मंगळवार

गाठी लागतच नाहीत हाताला. डॉक्टर म्हणते उतार चांगला आहे. पाणी मात्र घटाघटा पितो आणि सारखं खाली न्यावं लागतं. पुडीतल्या औषधाने असं होतं, म्हणाली, पण एवढं जास्त? गोळ्या बरोबर देताय ना? मी म्हटलं, एकदम बरोबर.

१८ डिसेंबर, गुरुवार

डॉक्टरने बाजूला बोलावलं. "काका, टोप्याचे पहिल्या दिवसाचे आकडे बसत नाहीत. औषध न घेतलेल्या कुत्र्यांमध्ये आम्हाला जे दिसतंय, ते याच्यात नाही. याचं रक्त औषध चालू असलेल्या कुत्र्यासारखं दिसतं. कुणीतरी काहीतरी दिलं असणार. आठवून बघा."

"नक्की?"

"नक्की नाही. म्हणून विचारतेय. आमच्याकडे औषधाआधीचे नमुने मोजके आहेत, एक चुकीचा शिरला की सगळा हिशोब वाकडा."

येताना डोक्यात एकच माणूस. बाबाजीने मध्ये गावाहून मुळ्या आणल्या होत्या. तडक गाळ्यावर गेलो आणि पॉलिशच्या मशीनशेजारीच विचारलं, "टोप्याला काय पाजलंस?"

त्याने मशीन बंद केलं. "काही नाही पाजलं."

"मुळ्या कशासाठी आणल्या होत्यास?"

"माझ्या आईच्या पायाला. शेठ, मी दिल्या असत्या तर तुम्हाला सांगून दिल्या असत्या. आणि तुम्हाला नाही तर वहिनींना नक्की." मग मशीन चालू केलं. चहा आला तेव्हा त्याचा ग्लास तसाच राहिला.

२१ डिसेंबर, रविवार

आज कळलं. नीट लिहायचा प्रयत्न करतो.

टोप्या कालपासून मलूल. सकाळी हाक मारली, मान वर केली नाही. बिस्किट दाखवलं, नाही. शालू खाली भाजीला गेली होती. माझं डोकं दुखत होतं म्हणून फ्रिजवरच्या डब्यातून डोकेदुखीच्या गोळीची स्ट्रिप काढली आणि गोळी दाबली. चट.

टोप्या उठला. चारही पाय थरथरत होते तरी उठला, टकटक करत आला आणि माझ्यासमोर बसून तोंड उघडलं.

दवाखान्याच्या गोळ्या पुडीतून येतात, त्यांचा आवाज होत नाही. या घरात सकाळी स्ट्रिप एकच वाजते. डब्यातून शालूची स्ट्रिप काढून नाव वाचलं. मग डॉक्टरने टोप्याच्या गोळ्या लिहून दिलेल्या कागदावरचं नाव वाचलं. तेच नाव, अक्षर न् अक्षर. स्टेरॉइड.

रोज ऐकलं मी. चट, नखं, मचमच. रोज ऐकलं, आणि आनंदाने इथे लिहूनसुद्धा ठेवलं.

स्वतःची गोळी तिने त्याला दिली. ज्याने माझे गुडघे हलके होतात त्याने याचंही अंग हलकं होईल, एवढाच हिशोब. आणि स्टेरॉइड जिममधली पोरं घेतात असं तिला या घरातल्या शहाण्याने सांगितलेलं.

शालू भाजी घेऊन आली, एकेक पाऊल मोजल्यासारखी. मी तिच्या हातातली पिशवी घेतली.

२२ डिसेंबर, सोमवार

सकाळी गाळ्यावर बाबाजीला मी स्वतः चहा नेऊन दिला. "माझी चूक झाली." त्याने ग्लास घेतला. "साखर तुम्ही घातलीत का? मग प्यायला हवा, पुन्हा असा योग नाही." एवढ्यावर सोडलं त्याने.

दुसरं काम अवघड होतं. गप्प बसलो तर टोप्याचे खोटे आकडे खऱ्यांत जाऊन बसणार. बावीस गेजचा पातळ पत्रा वीसचा जाड म्हणून मी कधी विकला नाही. उद्या कुणाच्या कुत्र्याचं औषध त्या आकड्यांवर ठरलं तर? आणि बोललो तर शालूचं नाव येणार. तिला कळलं की आपल्या गोळीने घोळ केला, तर ती ते उरलेलं आयुष्य उचलून चालेल. तिचे गुडघे तसेही धड नाहीत.

जेवायला घरी आलो. शालू चटणी वाटत होती. मिक्सर चालू आहे, ऐकू जायचं नाही, असं बघून गॅलरीत गेलो आणि फोन लावला.

"डॉक्टर, गोळ्या मी दिल्या. बायकोच्या. रक्त द्यायच्या आधीपासून."

"मी तुम्हाला तोंडावर विचारलं होतं, काका."

"हो."

"अजून देताय?"

"आजपासून नाही."

"एकदम तोडू नका. कसं कमी करायचं ते मी लिहून पाठवते. पण का केलंत?"

"खात नव्हता."

तिचा श्वास ऐकू आला. "आधी स्टेरॉइड गेलं की पुढची औषधं कमी चालू शकतात. टोप्याचं तसंच झालंय असं मी म्हणत नाही. ते कुणालाच सांगता येणार नाही."

"नमुना फेकणार?"

"नाही. वेगळ्या गटात ठेवीन. आधी स्टेरॉइड मिळालेले. सध्या त्यात तो एकटाच आहे."

"एक विनंती. हे माझ्या बायकोसमोर काढू नका."

"काकूंना माहीत नाही?"

"नाही."

फोन ठेवला आणि आत आलो. चटणी ताटात वाढलेली होती. मिक्सर कधी थांबला ते लक्षात आलं नाही. शालूने विचारलं, "कुणाचा फोन?" मी म्हटलं, पत्रेवाल्याचा. ती "बरं" म्हणाली. संध्याकाळी मी तिला सांगितलं, डॉक्टरने टोप्याचं घावन बंद करायला सांगितलंय, पोटाला जड. कमी करायच्या गोळ्या मीच देतो, पुडीतून. तिने वाद घातला नाही. नेहमी घालते.

२८ डिसेंबर, रविवार

आज शालू पहिल्यांदाच दवाखान्यात आली. रिक्षातून उतरताना मी हात दिला तर तो न घेता टोप्याचा पट्टा धरून उतरली.

जबड्याखालची एक गाठ परत आलीय. डॉक्टर औषध बदलून बघू म्हणाली. मग शालूने विचारलं, अगदी सहज, "डॉक्टर, आमच्या सांधेदुखीच्या गोळीने कुत्र्याला काय होतं हो?"

डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरचा गाईचा तक्ता बघत होतो.

"भूक लागते, काकू. अंगाला बरं वाटतं. थोडे दिवस."

"हां," शालू म्हणाली. "मलाही तसंच वाटतं."

ओझं उतरलं माझं. तिला शंका असती तर तिने एवढ्यावर सोडलं नसतं.

४ जानेवारी, रविवार

नवीन औषध लागू पडत नाही. सगळ्या गाठी परत आल्या. श्वासाचा आवाज घरभर येतो.

९ जानेवारी, शुक्रवार

खाल्लं : नाही. पाणी : चमच्याने. डॉक्टर म्हणते अजून एक औषध आहे, पण स्वतःच्या घरच्या कुत्र्याला ती ते देणार नाही. मी शालूकडे पाहिलं. ती टोप्याच्या कानामागे बोट फिरवत होती. "टोप्या," म्हणाली. नऊ वर्षांत मी तिच्या तोंडून नाव पहिल्यांदा ऐकलं. की आधीही घेत असेल, मी गाळ्यावर असताना.

११ जानेवारी, रविवार

आज दुपारी शेवटचं इंजेक्शन दिलं. शालूने मांडीवर घेतलं होतं. मी कान लावून होतो, शेवटचा श्वास आपल्याला कळेल म्हणून. नाही कळला. शालूनेच सांगितलं, "गेला." तिचा हात त्याच्या बरगड्यांवर होता.

डॉक्टर दाराशी घुटमळत होती. गाठीचा एक तुकडा अभ्यासाला मिळाला तर, पण आत्ता विचारवत नाही, म्हणाली. मी नको म्हणणार होतो.

"घ्या," शालू म्हणाली. "पुढच्यांना होईल. आणि त्याला काय काय दिलं होतं, सगळं खरं लिहा."

उत्तनच्या काशीनाथने त्याच्या वाडीत जागा दिली. आमच्याकडून भांडी नेतो, तेवढीच ओळख. खड्डा त्यानेच खणला. "मीठ घाला शेठ, खोल हाय, कोन उकरनार न्हाय." बाबाजी आला होता. येताना मोठा टोप घेऊन आला. त्यात ठेवायचं होतं त्याला. टोपात बसला नाही. लहानपणी किती जागा उरली होती.

२० जानेवारी, मंगळवार

आता डॉक्टरसाठी लिहायचं काही उरलं नाही. तरी लिहितो.

सकाळी पेपर घेऊन बसलो आणि जाणवलं, स्वयंपाकघरातून तो आवाज आला नाही. कालही आला नव्हता. परवाही नसणार. शालू ओट्याला धरून घावनं काढत होती, एका पायावर भार टाकून.

"गोळी घेतलीस?"

"घेईन."

"कधीपासून बंद आहे? एकदम तोडायची नसते ती."

तिने तवा उतरवला. पाठ माझ्याकडेच ठेवून म्हणाली, "त्या दिवशी मिक्सर मी बंद केला होता. तुम्ही गॅलरीत होतात तेव्हा."

मी खुर्ची ओढून बसलो.

"माझं नाव घेतलं नाहीत तुम्ही," ती म्हणाली.

"स्टेरॉइड म्हणजे जिममधल्या पोरांचं औषध, हे तुला कुणी सांगितलं होतं?"

"तुम्ही."

"मग कुणाचं नाव घेणार?"

मी उठलो, फ्रिजवरचा डबा काढला, तिची स्ट्रिप घेतली आणि गोळी दाबली. चट. आम्ही दोघांनीही दाराकडे पाहिलं. फरशीवर काही वाजलं नाही. वाजणार नव्हतंच, तरी थांबलो.

मग घावनाचा तुकडा तोडला, गोळी आत ठेवून घडी घातली आणि तिच्या तोंडासमोर धरला.

"मी काय टोप्या आहे?"

"नाही. तो एवढं बोलायचा नाही."

तिने तुकडा घेतला. बराच वेळ चावत राहिली. मी तिथेच उभा होतो, गिळल्याचा आवाज येईपर्यंत.

"मीठ कमी पडलंय," म्हणाली, आणि दुसरं घावन तव्यावर टाकलं.